पोटातल्या बाळाशी नातं

पोटातल्या बाळाशी नातं म्हणजे बाळ जन्माला यायच्या आधीच आईला त्याची लागलेली ओढ. नाक कुणावर जाईल याचा विचार, लाथ बसली की आपोआप पोटावर जाणारा हात, भाजी निवडता निवडता मारलेल्या गप्पा, हे सगळं त्यात आलं. मेक्का क्रॅनली या नर्सिंगमधल्या अमेरिकन संशोधिकेने १९८१ साली हे नातं मोजायला २४ वाक्यांची प्रश्नावली केली, पण आपल्याकडे कल्पना फार जुनी आहे, आयुर्वेदात चौथ्या महिन्यापासून गर्भवतीला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची, एक तिचं आणि एक बाळाचं, म्हणून तर डोहाळे पुरवायचे.

बाळाला ऐकू येतं का हे सगळ्याच विचारतात. येतं, साधारण सहाव्या महिन्यापासून, बाहेरचे आवाज पोटापर्यंत दबून पोचतात पण आईचा आवाज तिच्या शरीरातूनच जातो त्यामुळे तोच सगळ्यात ओळखीचा होतो. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला, बाळ चोखणी कोणत्या तालात चोखतं त्यावर कुणाचा आवाज लागेल ते ठरायचं, त्यात तीन दिवसांच्या आतली बाळं चोखण्याचा ताल बदलून परक्या बाईऐवजी आईचा आवाज ऐकायला मागत होती. तेव्हा पोटाला हेडफोन लावायची काहीच गरज नाही, पोळ्या लाटताना गुणगुणलेलं पुरतं. अभिमन्यूची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण बाळ हुशार व्हायचं तर रोज तासभर मंत्र ऐकलेच पाहिजेत असा धाक घालणं चुकीचं आहे, आवडत असेल तर जरूर ऐकावं.

पहिल्या खेपेला हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या आसपास कळते, आधी गॅसेसच वाटतात आणि मग एक दिवस आत मासा वळल्यासारखं होतं. २८ आठवड्यांनंतर जेवून डाव्या कुशीवर पडून लाथा मोजायला सांगतात, दोन तासांत दहा भरल्या नाहीत किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटल्या तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

ठाण्यात अडचण वेगळीच असते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नवराबायको दोघंच, सासर-माहेर सातारा नाहीतर चिपळूणला, नवरा रात्री नऊला येणार आणि सकाळी ठाणे स्टेशनच्या गर्दीत तिसऱ्या महिन्याचं पोट दिसतच नाही, त्यामुळे उठून जागा कोण देणार. लोकलच्या दिव्यांग डब्यात गरोदर बायकांना चढता येतं, ते निदान माहीत असावं. संध्याकाळी मासुंदा तलावाला नाहीतर उपवनला एक सावकाश फेरी, बरोबर कुणीतरी, यानेही जीव थोडा मोकळा होतो. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण म्हणजे नुसती हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि पेढा की बर्फी नाही, बिल्डिंगमधल्या बायका त्या दिवशी तिच्याभोवती बसतात, आपापल्या बाळंतपणाचं सांगतात, आणि घाबरलेली मुलगी पहिल्यांदा मोकळेपणाने विचारते की कळा खरंच सहन होतात का हो काकू.

काहींना मात्र आनंद होतच नाही. रडू येतं, झोप उडते, बाळाबद्दल काहीच वाटत नाही आणि त्याचाच अपराधीपणा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, म्हणजे हा आजार आहे, तिचा दोष नाही. आपल्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि 'ठाण्याला पाठवा' हा टोमणा अख्ख्या महाराष्ट्रात चालतो, त्या भीतीने कितीतरी जणी तोंडच उघडत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. दोन आठवड्यांच्यावर असं राहिलं तर आपल्या गायनॅकला सांगावं, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर तिला एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

घरच्यांनी करायचं ते साधं आहे. नवऱ्याने सोनोग्राफीला बरोबर जावं, रात्री पोटाजवळ तोंड नेऊन दिवसभराचं सांगावं, सासूबाईंनी मुलगा की मुलगी हा विषय काढू नये, आणि कामावर जाणारीने २६ आठवड्यांच्या पगारी रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात हे एचआरकडून नीट समजून घ्यावं.

बाळ झाल्यावर दोघांची तब्येत ठीक असेल तर त्याला लगेच उघडंच आईच्या छातीवर ठेवायला आणि पहिल्या तासात अंगावर पाजायला सांगतात, सिझर असलं तरी शुद्धीत असलेल्या आईला बहुतेकदा हे जमतं, तेव्हा आधीच नर्सला सांगून ठेवावं. तरीही काही जणींना त्या टेबलावर काहीच वाटत नाही, माया नंतर येते, घरी आल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, कधी रात्री तीनला दूध पाजताना.