खानदेशातलं ऊन आणि मोठ्या बोराची रायफल

मे महिन्यात भुसावळचा पारा 45च्या पुढे सरकला, की उन्हातल्या लोखंडाला हात लावायची सोय नसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सातपुड्यात वाघामागे हिंडणाऱ्या साहेबाची रायफल याच उन्हात तापायची आणि कमरेच्या पट्ट्यातली काडतुसंही. (1972च्या वन्यजीव कायद्याने तो खेळ संपला, बरंच झालं.) मोठ्या बोराची, म्हणजे रुंद नळीची, रायफल म्हटलं की आपल्याला जाड गोळीचा दणका आठवतो, पण त्या जाडीमागे उन्हाचाही हिशेब होता.

जेम्स आउटरम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करायला घेतली, तेव्हा ठासणीच्या बंदुका होत्या. काळी दारू, शिशाची गोळी आणि डोळ्यांपुढे धुराचा पडदा. 1889 साली कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. धूर जवळजवळ गेला, गोळीचा वेगही वाढला. खोड एवढीच, की कॉर्डाइट आधीच तापलेलं असेल तर झपाट्याने जळतं आणि नळीतला दाब चढतो. बार उडताच काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. बेताची फुगली तर पितळ परत आखडतं आणि पुंगळी अलगद निघते. दाब जास्त झाला तर ती आतच घट्ट बसते. झुडपात जखमी वाघ आणि इकडे रिकामी पुंगळी हलेना, मग शिकारी कोण आणि सावज कोण?

यावर तोड निघाली ती दाब मुळातच कमी ठेवण्याची. 1912च्या .375 मॅग्नम काडतुसाची (.375 हा बोराचा आकडा, इंचात) कमाल दाबमर्यादा सुमारे 4,300 बार आहे; आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो. त्याआधीच्या .470 नायट्रो एक्सप्रेसची मात्र 2,700च. तरीही .470 दुबळं नाही, कारण गोळीवरचा रेटा म्हणजे दाब गुणिले तिच्या बुडाचं क्षेत्रफळ. .470ची गोळी सुमारे 12 मिलिमीटर जाड, .375ची साडेनऊ. क्षेत्रफळात 1.6 पटींचा फरक पडतो, म्हणून कमी दाबातही कमाल रेटा जवळपास तेवढाच भरतो. 32 ग्रॅमची ती गोळी सेकंदाला 655 मीटर वेगाने सुटते, ऊर्जा सुमारे 6,950 ज्यूल.

.470 जन्मली तीही एका सरकारी हुकमामुळे. बंडखोरांच्या हाती .450ची काडतुसं पडतील या धास्तीने इंग्रजांनी 1907 साली हिंदुस्थानात त्या बोरावर बंदी घातली. कारखानदारांनी बोर जरासा वाढवून पळवाट काढली.

याची किंमत मोजायचा खांदा. पाच किलोची दुनळी सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने मागे येते. साडेतीन किलोची असती तर साडेआठ. म्हणून ती मुद्दाम जड करत. वाघासाठी मात्र एवढ्या तोफेची गरज नव्हती. त्याची कातडी पातळ. आत शिरून पसरणारी मऊ टोकाची मध्यम गोळी पुरते. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो साध्या .275 रायफलीने. जाड बोराचं खरं काम गवा आणि हत्तीचं, आणि सातपुड्याच्या खानदेशी उतारावर हत्ती नव्हतेच.