दह्याला सुटणारी तार

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात दह्यात पळी बुडवून वर उचलताना तिच्यामागे लांब धागा ओढला गेला, की घरातील जाणती बाई लगेच म्हणते, “तार सुटली, विरजण बदला.” वास चांगला असतो, चवही बिघडलेली नसते, तरी असे दही बहुधा ढेपेत (पेंडीत) कालवून म्हशीपुढे ठेवले जाते. मला याचे वाईट वाटते, कारण ती तार म्हणजे जिवाणूंनी गुंफलेली शर्करेची साखळी असते.

विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोज या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ४.६च्या आसपास उतरला, की केसिन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. यांपैकी काही वाण त्याच वेळी ग्लुकोज, गॅलॅक्टोज यांसारख्या शर्करांचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून तयार झालेली बहुशर्करा पेशीबाहेर सोडतात. लिटरभर दह्यात ती फार तर काहीशे मिलिग्रॅम भरते. पण तिच्या लांब साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि केसिनच्या जाळीतील पोकळ्यांत पसरतात, त्यामुळे दही दाट, मऊ राहते व त्यावर पाणी कमी सुटते. फिनलंडमध्ये तर ‘व्हिली’ नावाचे तारेचे दही मुद्दाम लावतात.

लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंपैकीच ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू इडलीच्या पिठातही वाढतो. उसाची साखर मिळाली, की तो त्यातील ग्लुकोजपासून डेक्स्ट्रान बनवतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिल्यास हेच डेक्स्ट्रान रस चिकट करून साखर कारखान्याची डोकेदुखी वाढवते. मात्र शुद्ध करून योग्य लांबीचे तुकडे केले, की ते औषधाच्या कामी येते. ७०,००० रेणुभाराचे डेक्स्ट्रान मूत्रपिंडातून चटकन गळून जात नाही आणि रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवते, म्हणून रक्तस्रावानंतर रक्ताचे आकारमान टिकवण्यासाठी ते शिरेतून दिले जात असे. रक्तक्षयावरील एका लोहाच्या इंजेक्शनातही लोहाभोवती डेक्स्ट्रानचेच वेष्टन असते. त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

या बहुशर्करांमुळे प्रतिकारशक्ती वाढते, कोलेस्टेरॉल उतरते, असेही सांगितले जाते. त्यामागचा बराचसा पुरावा प्रयोगशाळेतील पेशींवरचा आणि प्राण्यांवरचा आहे, त्यामुळे दह्याला औषध समजून चालू असलेल्या गोळ्या कोणीही बंद करू नयेत.

तारेचे विरजण आवडले, तरी ते वर्षभर तसेच टिकेल असे नाही. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या विरजणातील जिवाणूमध्ये ही साखळी घडवणारी जनुके बहुधा प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात आणि जास्त उष्णतेत वारंवार वाढ होत गेली, की ते कडे हरवू शकते. आपल्याकडचा वैशाखाचा उन्हाळा त्याला पुरेसा आहे.

विरजण न लावलेल्या कच्च्या दुधालाच तार सुटली, तर मात्र ती बहुधा पाण्यातून किंवा अस्वच्छ भांड्यातून आलेल्या दुसऱ्या जिवाणूंची असते. ते दूध टाकून द्यावे आणि गंज (पातेले) उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात पालथा घालावा.