तेल व वायू विहीर : खोदाई आणि कंप्लीशन

जमिनीखाली शेकडो ते हजारो मीटर खोल असलेले खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू वर आणण्यासाठी पाडलेले आणि पोलादी नळांनी आतून बांधून काढलेले अरुंद छिद्र म्हणजे तेलविहीर. विहीर म्हटले की माणूस उतरू शकेल असा रुंद खड्डा डोळ्यांपुढे येतो. तेलविहिरीचे तोंड मात्र हात-दीड हात रुंदीचे असते आणि तळाशी ती जेमतेम वीतभर उरते. खाली तेलाचे तळेही नसते. भिजलेल्या विटेत पाणी मुरलेले असावे, तसे तेल वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते.

हे तेल दाबाखाली असते. पाण्याच्या स्तंभाचा दाब दर १० मीटरला सुमारे १ बार वाढतो, म्हणून ३,००० मीटर खोलीवर ३०० बारच्या आसपास दाब अपेक्षित असतो. काही थरांत तो याहून बराच जास्त निघतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज यावा. खडक फोडणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरे कसब लागते ते दाब आवरायला.

एडविन ड्रेकने २७ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे अवघ्या २१ मीटरवर तेल गाठले. जड छिन्नी वर उचलून आपटायची, अशी त्याची पद्धत होती. वरच्या वाळूत भोक सारखे ढासळू लागले, तेव्हा त्याने लोखंडी नळ थेट कातळापर्यंत ठोकून बसवला आणि त्याच्या आतून खोदाई चालू ठेवली. आजच्या केसिंगचे, म्हणजे विहिरीला आतून बसवलेल्या पोलादी नळांच्या अस्तराचे, बीज त्या नळात आहे. टेक्सासमधील स्पिंडलटॉपला १० जानेवारी १९०१ रोजी फिरत्या बिटने, म्हणजे खडक कातरणाऱ्या दातेरी टोकाने, खोदलेल्या विहिरीतून तेलाचा फवारा उसळला. तो आवरायला नऊ दिवस लागले. त्यानंतर फिरत्या बिटची पद्धत झपाट्याने पसरली.

आजच्या रिगवर, म्हणजे खोदाईच्या यंत्रांच्या मनोऱ्यावर, सुमारे ९ मीटर लांबीचे ड्रिल पाइप एकमेकांना आट्यांनी जोडून खाली सोडतात आणि टॉप ड्राइव्ह नावाची मोटर ती सगळी माळ फिरवते. ही माळ वरून दाबून ढकलत नाहीत. तसे केले तर बारीक पाइप वाकतील. बिटच्या लगेच वर जाड भिंतीचे जड ड्रिल कॉलर असतात. बिटवर वजन त्यांचे पडते आणि वरचे पाइप दोरीसारखे ताणलेले राहतात.

पाइपच्या आतून पंपाने सोडलेला मड बिटच्या छिद्रांतून बाहेर पडतो आणि पाइप व खडक यांच्यामधल्या पोकळीतून वर येतो. मड म्हणजे साधा चिखल नव्हे. पाण्यात किंवा तेलात बेंटोनाइटसारखी माती आणि जडपणासाठी बॅराइटची पूड मोजून मिसळलेली असते. मड बिट थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने थरातला दाब तोलून धरतो. वर आलेला चुरा थरथरत्या चाळणीवर पडतो. भूवैज्ञानिक तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अतिनील प्रकाशात पाहतो. तेल असेल तर कण चमकतात.

मड हलका पडला तर थरातला वायू किंवा द्रव विहिरीत शिरतो. याला किक म्हणतात. फार जड झाला तर खडक चिरतो, मड चिरेत निघून जातो, विहिरीतली पातळी घसरते आणि मग दुसऱ्याच एखाद्या थरातून किक येऊ शकते. बिट झिजला की सगळी माळ बाहेर काढतात, तेव्हा हा तोल विशेष नाजूक होतो. तीन-तीन पाइपांचे सुमारे २७ मीटरचे तुकडे सोडवत ३,००० मीटरवरून वर यायचे तर शंभराहून जास्त खेपा होतात. माळ घाईने ओढली तर ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी थरातले द्रव आत खेचते. म्हणून एक माणूस लहान टाकीतल्या मडच्या पातळीवर सतत नजर ठेवतो. जितके पोलाद बाहेर आले तितक्याच घनफळाचा मड विहिरीने प्यायला हवा. ती कमी प्यायली तर खालून काहीतरी आत आले, असे धरून काम तिथेच थांबवायचे. रिगवरच्या साऱ्या यंत्रांत ही साधी मोजणी मला सर्वांत मोलाची वाटते. किक आलीच तर विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर पाइपभोवती पोलादी जबडे मिटतो आणि मग जड मड भरून विहीर शांत करतात.

एकाच वजनाचा मड सगळ्या खोलीला पुरत नाही. तळाच्या दाबाला लागणारा जड मड वरचा कच्चा खडक फोडील, म्हणून विहीर टप्प्याटप्प्याने बांधतात. ठरावीक खोली गाठली की केसिंग उतरवायचे, मग त्यातून मावेल अशा लहान बिटने पुढे जायचे. २०, १३⅜, ९⅝ आणि ७ इंच हा नेहमीच्या मापांचा एक क्रम आहे. वरच्या केसिंगमुळे गोड्या भूजलाचे थरही सुरक्षित राहतात. सिमेंट केसिंगच्या आतून खाली पंप करतात. ते तळाशी वळून बाहेरच्या पोकळीत चढते आणि तिथे घट्ट बसते. नळ एका कडेला टेकलेला राहिला तर त्या बाजूला मड अडकतो आणि तिथून वायूला वाट मिळते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीत सिमेंटने थर रोखला नाही आणि दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला. डीपवॉटर होरायझन रिगवरचे ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली.

खोदाईनंतर, किंवा ती चालू असतानाच, उपकरणे उतरवून खडकाची विद्युत रोधकता, घनता आणि किरणोत्सार मोजतात. असा पहिला विद्युत आलेख १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे काढला गेला. या आलेखांवरून विहीर पुढे चालवायची की बुजवायची, हे ठरते.

कंप्लीशन म्हणजे खोदलेली विहीर उत्पादनाजोगी करणे. शेवटचे केसिंग सिमेंटने बसले की तेलाची वाट पूर्ण बंद झालेली असते. ती हव्या त्याच थरासमोर पुन्हा उघडायची. त्यासाठी स्फोटकांच्या लहान शंकूंनी भरलेली गन खाली सोडतात. तिच्या झोताने केसिंग आणि सिमेंट भेदून खडकात बोटाएवढी भोके पडतात. तेल वर येते ते केसिंगच्या आत सोडलेल्या ट्यूबिंग नावाच्या बारीक नळातून. ट्यूबिंगभोवतीची जागा पॅकर नावाच्या रबरी बुचाने बंद केलेली असते. गंज किंवा झीज झालीच तर बदलता येण्याजोग्या ट्यूबिंगची व्हावी, हा त्यामागचा हेतू. तोंडावर झडपांचा मनोरा बसतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. चुनखडकात आम्ल सोडून वाटा मोकळ्या करतात आणि सुटी वाळू येत असेल तर बारीक खडीचा थर भरून ती अडवतात. घट्ट खडक द्रवाच्या दाबाने चिरून चिरांत वाळू भरतात; खडक असा चिरण्याचा पहिला प्रयोग १९४७ साली अमेरिकेतील कॅन्ससमध्ये झाला. थराचा स्वतःचा दाब ओसरल्यावर पंप बसवावा लागतो.

विहीर कोरडी निघाली किंवा आटली तरी ती उघडी सोडता येत नाही. तेल, वायू आणि पाण्याच्या थरांच्या आड सिमेंटचे लांब गट्टू भरतात, त्यांवर दाब देऊन ते धरतात का पाहतात. जमिनीवरची विहीर असेल तर केसिंग भुईखाली कापून त्यावर पोलादी झाकण वेल्ड करतात आणि वर माती पसरतात.