रेडॉन: खाणीतला आजार घराच्या उंबऱ्यापर्यंत कसा आला

आज रेडॉन हा किरणोत्सारी वायू फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे एक प्रमुख कारण मानला जातो आणि अनेक देशांत घर विकताना किंवा बांधताना त्याची मोजणी करण्याचा सल्ला दिला जातो. मात्र या वायूचा धोका प्रथम घरात दिसला नाही. तो खाणीत दिसला, आणि तोही वायूचे नाव ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी.

जर्मनीतील सॅक्सनी आणि चेक प्रदेशातील बोहेमिया यांच्या सीमेवरील डोंगररांगेत श्नेबेर्ग आणि याखिमोव ही खाणींची गावे आहेत. याखिमोव येथे काही काळ वैद्यकी केलेल्या गेऑर्ग अॅग्रिकोला याचा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणकामगारांची फुप्फुसे झिजून ते अकाली मरतात, आणि कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या परिसरात एकेका स्त्रीने सात-सात नवरे केल्याचे आढळते, अशी नोंद त्याने केली. त्याने दोष धुळीला दिला आणि खाणीत हवा खेळती ठेवण्याची यंत्रे सुचवली. कारण अपुरे होते, पण उपाय मात्र आजही खरा ठरतो. श्नेबेर्गच्या कामगारांचा हा ‘डोंगरी आजार’ म्हणजे छातीतली घातक गाठ असल्याचे हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी १८७९ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले; तरीही संशय बराच काळ आर्सेनिकवर आणि धुळीवरच राहिला.

दरम्यान विज्ञान दुसऱ्या वाटेने याच खाणींपाशी येऊन पोहोचले होते. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला, तो याखिमोवच्या युरेनियम खनिजातून. रेडियममधून एक किरणोत्सारी वायू बाहेर पडतो, हे फ्रीडरिश डॉर्न याने १९०० मध्ये नोंदवले. थोरियमपासून निघणारा तसाच वायू रदरफर्ड आणि ओवेन्स यांच्या निदर्शनास त्याआधीच आला होता. पुढे या वायूला रेडॉन हे नाव रूढ झाले. याला भीती चिकटण्याऐवजी आधी लौकिकच चिकटला, ही या इतिहासातली विचित्र गोष्ट. किरणोत्सारी पाणी आरोग्यदायी आहे अशी समजूत पसरली, पिण्याच्या पाण्यात रेडॉन मिसळणारी भांडी विकली गेली, आणि ज्या याखिमोवच्या खाणीत माणसे मरत होती तिथेच १९०६ मध्ये किरणोत्सारी पाण्याचे स्नानगृह सुरू झाले.

खाणीतली हवा आणि कर्करोग यांचा दुवा १९२० नंतर मांडला जाऊ लागला, पण एक अडचण उरली. रेडॉन हा निष्क्रिय वायू आहे. तो श्वासाबरोबर आत येतो आणि बहुतांशी तसाच बाहेर जातो. मग इतकी इजा होते कशी? याचे उत्तर १९५० च्या सुमारास मिळाले. रेडॉनचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित होण्याचा काळ, ३.८ दिवसांचे असते आणि त्याच्या विघटनातून पोलोनियम, शिसे व बिस्मथ यांचे अल्पायुषी, घनरूप अणू तयार होतात. हे अणू हवेतल्या सूक्ष्म कणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर बसतात आणि तिथे, पेशींच्या अगदी अंगाला लागून, अल्फा कण सोडतात. अल्फा कण कातडी भेदू शकत नाही, पण फुप्फुसाच्या ओलसर, नाजूक अस्तराला तेवढे संरक्षण नसते. इजा करणारा खरा घटक वायू नसून त्याची ही ‘संतती’ आहे, हे कळल्यावरच खाणीतल्या मोजमापांना अर्थ आला. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियम खाणकामगारांचा, ज्यांत नवाहो समाजाचे अनेक लोक होते, दीर्घकालीन अभ्यास याच सुमारास सुरू झाला. त्यातून धोका निर्विवाद ठरला; कामगारांना भरपाई देणारा कायदा मात्र १९९० मध्ये आला.

घरांकडे लक्ष वळायला आणखी वेळ लागला. स्वीडनमधील घरांतल्या रेडॉनची मोजणी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि युरेनियमयुक्त शेल या खडकापासून बनवलेल्या काँक्रीटच्या घरांत प्रमाण जास्त आढळले होते, परंतु ती स्थानिक बाब समजली गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांत इंधन वाचवण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या गेल्या. उष्णतेबरोबर वायूही आतच राहू लागला.

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिमरिक अणुवीज केंद्रातील एका अभियंत्यामुळे तेथील किरणोत्सारमापक वाजू लागले. शोध घेतल्यावर किरणोत्सार केंद्रातला नसून तो घरूनच अंगावर घेऊन येत असल्याचे उघड झाले. त्याच्या घरातील हवेत दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकेरेल (सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकेरेल) इतका रेडॉन होता, आणि तो घराखालच्या खडकातून येत होता. दुरुस्तीनंतर ते कुटुंब त्याच घरात परत राहायला आले. खाणीचा वायू साध्या राहत्या घरात खाणीइतकाच दाट असू शकतो, हे या एका घराने सरकारी यंत्रणांना पटवले. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले.

तरी खाणीतले आकडे घराला लावावेत का, हा वाद होताच. २००५ मध्ये युरोपातील १३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने तो बराचसा मिटवला: मोजमापातील अनिश्चितता जमेस धरल्यावर, घरातील दीर्घकालीन सरासरी प्रमाण घनमीटरमागे दर १०० बेकेरेलने वाढले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. रेडॉन ० वरून ४०० बेकेरेलवर गेल्यास, कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्ये पंचाहत्तरीपर्यंतचा धोका हजारी ४ वरून ७ वर जातो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो हजारी १०० वरून १६० वर जातो. म्हणजे धूम्रपान करणाऱ्याच्या घरातला रेडॉन कितीतरी अधिक माणसे मारतो. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १०० बेकेरेल ही संदर्भ पातळी सुचवली. जिथे ती गाठणे शक्य नाही तिथे ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. अमेरिकेची कृतिपातळी, म्हणजे जिच्यापुढे घरात उपाय करण्याचा सल्ला दिला जातो ती पातळी, १४८ बेकेरेल आहे.

उपायांचे तत्त्व वायूच्या वाटेवरून ठरते. घरातली उबदार हवा वर चढते, तळाशी दाब किंचित कमी होतो, आणि जमिनीतली हवा फरशीच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून वर ओढली जाते. त्यामुळे तळघर आणि तळमजला सर्वांत धोक्याचे. केवळ भेगा बुजवणे क्वचितच पुरते. सर्वांत परिणामकारक पद्धत म्हणजे फरशीखाली पाइप घालून पंख्याने तिथली हवा ओढून छपराच्या वर सोडणे, जेणेकरून दाबाची दिशाच उलटते. नव्या बांधकामात फरशीखाली खडीचा थर व वायू न झिरपणारे प्लास्टिकचे आवरण आधीच घालून ठेवले, तर पुढे पंखा बसवणे सोपे जाते. शेजारच्या घराच्या आकड्यावरून मात्र आपल्या घराचा अंदाज बांधता येत नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत मोठा फरक असतो, आणि त्याच घरातही ऋतूनुसार प्रमाण बदलते, म्हणून काही महिने ठेवलेल्या मापकाचे वाचन दोन-तीन दिवसांच्या वाचनापेक्षा अधिक भरवशाचे मानले जाते.