फ्लोराइड आणि दात

फ्लोराइड म्हणजे फ्ल्युओरीन या मूलद्रव्याचा ऋणभारित आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेला अणू. पिण्याचे पाणी, चहा, काट्यांसकट खाल्ले जाणारे मासे आणि टूथपेस्ट यांतून तो पोटात जातो. चहाचे झुडूप जमिनीतले फ्लोराइड पानांत साठवते, जून पानांत अधिकच. अशी पाने दाबून केलेल्या विटांचा चहा दिवसभर पिणाऱ्या तिबेटी लोकांत म्हणूनच फ्लोराइडचे विकार आढळतात.

दाताचे कवच कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे असते. गोड खाल्ले की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि आम्लता दाखवणारा सामू (pH) साधारण 5.5 च्या खाली उतरला की कवच झिजू लागते. लाळेत थोडे फ्लोराइड असले तर ही झीज मंदावते आणि विरघळलेले खनिज परत बसायला मदत होते. हे सारे दाताच्या पृष्ठभागावर घडते, म्हणून फ्लोराइड गिळण्यापेक्षा दाताला लागणे महत्त्वाचे.

गिळलेले फ्लोराइड जास्त झाले, तेही कवच घडत असताना म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, तर दंत-फ्लोरोसिस होतो. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, तीव्र विकारात तपकिरी डाग व खड्डे. घासून ते जात नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या रहिवाशांच्या दातांवरचे असे डाग फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने 1901 पासून अभ्यासले. असे दात कमी किडतात हेही त्याच्या लक्षात आले. या डागांचे कारण पाण्यातले फ्लोराइड आहे, हे 1931 मध्ये उघड झाले. 1945 मध्ये अमेरिकेतल्याच ग्रँड रॅपिड्स शहराने कीड कमी व्हावी म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

भारताची अडचण नेमकी उलटी आहे. इथे अनेक भागांत ते काढावे लागते. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक बोअरांचे पाणी ही मर्यादा ओलांडते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडेही धरतात: मान वळत नाही, कंबर वाकत नाही.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत घरच्या बादलीतही करता येते. पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळायचे. तुरटीचा साका बसताना फ्लोराइड सोबत घेऊन खाली जाते. वरचे निवळ पाणी तळ न ढवळता काढून घ्यायचे. मात्रा मात्र पाणी तपासूनच ठरवावी लागते. उकळण्याचा इथे काही उपयोग नाही. उलट पाणी आटून फ्लोराइडचे प्रमाण वाढते.

टूथपेस्टमध्ये भारतात 1000 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइड चालते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वेटोळे दाखवतात, ते मुलांसाठी नव्हे. कारण चूळ भरून थुंकणे त्यांना नीट जमत नाही.