किलोहर्ट्झ रुंदीचा लेझर, टेलिकॉमच्या सुट्या भागांतून

अरुंद रेषेचा, म्हणजे जवळजवळ एकाच वारंवारतेचा लेझर म्हटला की बजेटची धास्ती बसते. पण 1550 नॅनोमीटरच्या पट्ट्यात भंगारात निघालेल्या टेलिकॉम ॲम्प्लिफायरमधला 976 नॅनोमीटरचा पंप डायोड (ऊर्जा पुरवणारा), डब्ल्यूडीएम (दोन तरंगलांबी एका फायबरमध्ये जोडणारा), सर्क्युलेटर (प्रकाश एका पोर्टमधून पुढच्या पोर्टकडेच नेणारा) आणि 90:10 कपलर (प्रकाशाचा दहावा भाग वेगळा काढणारा) यांवर बरेच भागते. ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच परतवणारा फायबरचा तुकडा, मात्र नवे घ्यावे, 0.1 नॅनोमीटर रुंदीचे.

चार-पाच मीटर अर्बियम फायबर (अर्बियम मिसळलेले, प्रकाश वाढवणारे) पंप करून या भागांची रिंग जोडायची. एकूण मार्ग दहा मीटरचा झाला, तर दोन मोडमधले (रिंगमध्ये टिकू शकणाऱ्या वारंवारतांमधले) अंतर सुमारे 20 मेगाहर्ट्झ. ग्रेटिंगचे 0.1 नॅनोमीटर म्हणजे 12.5 गिगाहर्ट्झ. त्यात सहाशे मोड मावतात आणि लेझर त्यांच्यात उड्या मारत राहतो.

इथे युक्ती कामी येते ती पंप न केलेल्या अर्बियम फायबरची. दीड-दोन मीटरचा तुकडा सर्क्युलेटरच्या दुसऱ्या पोर्टवर, ग्रेटिंगच्या आधी स्प्लाइस करा (वितळवून जोडा). जाणारा आणि परतणारा प्रकाश मिळून त्यात स्थिर तरंग तयार होतो. प्रस्पंदांपाशी (जिथे तरंग सर्वात तीव्र) अर्बियम संपृक्त होऊन शोषण घटते, निस्पंदांपाशी (जिथे तो जवळजवळ शून्य) तसेच राहते. म्हणजे चालू मोड स्वतःच्या मापाचे ग्रेटिंग स्वतःच कोरतो. शेजारच्या मोडला ते जुळत नाही, त्याचे नुकसान जास्त होते. अर्बियमची स्मृती सुमारे 10 मिलिसेकंदांची, त्यामुळे वारंवारतेचे हळू सरकणे हे ग्रेटिंग पचवते, धक्का पचवत नाही.

तुकडा फार लांब झाला तर लेझर सलग चालण्याऐवजी स्पंद सोडू लागतो. उरलेला पंप प्रकाश त्यात शिरला तर शोषण मरते. परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण फिरले तरी तरंग फिका पडतो. ध्रुवीकरण बदलणारे पॅडल हलवून पाहा. ग्रेटिंगचे मोकळे टोक तिरके कापा. पंप चालू असताना कोणत्याही टोकात डोकावू नका, पंप आणि लेझर दोन्हींचा प्रकाश अदृश्य असतो.

तापमान एक अंशाने बदलले की दहा मीटरचा प्रकाशमार्ग साधारण 65 तरंगलांबींनी बदलतो. म्हणून सगळी गुंडाळी थर्मोकोलच्या पेटीत, पंख्यापासून दूर.

रुंदी मोजायला स्पेक्ट्रम ॲनालायझर निरुपयोगी; त्याचे 0.02 नॅनोमीटर म्हणजेच 2.5 गिगाहर्ट्झ. प्रकाशाचा एक भाग 25 किलोमीटर फायबरमधून फिरवा, दुसरा 80 मेगाहर्ट्झच्या ध्वनि-प्रकाशीय मॉड्युलेटरमधून (ध्वनीने प्रकाशाची वारंवारता सरकवणाऱ्या), आणि दोघांचे बीट, म्हणजे वारंवारतांच्या फरकाचा संकेत, फोटोडायोडवर पाहा. बीटच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीचे निम्मे म्हणजे लेझरची रुंदी. विलंब 120 मायक्रोसेकंदांचा असल्याने 8 किलोहर्ट्झच्या आसपास ही रीत अडते. लेझर त्याहून अरुंद असेल तर आलेखावर लाटा दिसतात.

त्याआधी एक स्वस्त चाचणी: फोटोडायोड थेट आरटीएल-एसडीआर डोंगलला (संगणकाला लावायच्या स्वस्त रेडिओ रिसीव्हरला) जोडा. 40, 60, 80 मेगाहर्ट्झवर टोके दिसली, तर एकाहून अधिक मोड चालू आहेत आणि मोजमाप करण्यात अर्थ नाही.