पहिली काळी शी आणि वाटेत थांबलेल्या पेशी

नवजात बाळाला शी होत नसली की विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावायचा, हा उपाय सांगली-साताऱ्याकडच्या घरांत जुना आहे. बाळ मोकळे होते, घरचे निर्धास्त होतात. पण एखाद्या बाळाच्या बाबतीत ही सुटकाच खरा आजार झाकून टाकते. दर 5000 जन्मांमागे साधारण एका बाळाला होणारा हर्शस्प्रुंग आजार तो हाच. देठाने शी होते, पोट पुन्हा फुगते, पुन्हा देठ, आणि निदान लांबत जाते.

या आजाराला नाव मिळाले ते कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांचे. 1886 मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी दोन तान्ह्या मुलांची हकिगत मांडली. जन्मापासून बद्धकोष्ठ, ढोलासारखे पोट आणि वर्षाच्या आत मृत्यू. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले दिसले. साहजिकच, बिघाड या फुगलेल्या भागात आहे असे धरले गेले आणि पुढची साठेक वर्षे वैद्यकाची नजर तिथेच खिळून राहिली. 1901 मध्ये टिटेल यांनी अशा आतड्यात चेतापेशी जवळपास नसल्याची नोंद केली होती, पण तिचा अर्थ कोणी पुढे नेला नाही. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याची.

याच काळात, 1894 मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले आणि मिरज शस्त्रक्रियेचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. असे फुगलेल्या पोटाचे बाळ तेव्हा मिरजेत आणले असते, तरी कोणता भाग काढायचा हे सांगणारे कोणी नव्हते. मिरजेतच काय, जगात कुठेच नव्हते.

उत्तर सापडले ते 1940 च्या दशकात, बोस्टनमध्ये. सर्जन ऑर्व्हर स्वेन्सन यांच्या लक्षात आले की पोटावर शीची वाट काढून दिली की ही मुले सुधारतात, आणि ती वाट बंद करून आतडे पुन्हा जोडले की त्रास परत सुरू होतो. म्हणजे वरचे फुगलेले आतडे काम करू शकत होते. अडत होते ते खाली. आतड्याच्या हालचालींचा दाब मोजल्यावर उलगडा झाला: गुदद्वाराजवळचा, दिसायला साधा आणि अरुंद भाग सैलच पडत नव्हता. वरचे आतडे त्याच्याशी झुंजून फुगत होते. तो अरुंद भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया स्वेन्सन आणि त्यांचे सहकारी डॉ. बिल यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच सुमारास त्या भागात आतड्याला सैल पडायला लावणाऱ्या चेतापेशीच नसतात, हेही पक्के झाले.

मग त्या जातात कुठे? इथे हा आजार मेंदूच्या घडणीला येऊन मिळतो. गर्भात जिथून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, त्या नळीच्या काठावरच्या काही पेशी सुटून प्रवासाला निघतात. त्यांतल्या मानेच्या पातळीवरच्या पेशी अन्ननलिकेकडून आतड्यात शिरतात आणि साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात वाढत, विभागत शेवटच्या टोकाला पोहोचतात. म्हैसाळच्या कालव्यात पाणी कमी पडले की कोरडे राहते ते टेलचे शेत. तसेच इथे, पेशी कमी पडल्या की रिकामा राहतो तो आतड्याचा शेवट. म्हणून हा दोष जवळजवळ नेहमी गुदाशयापासून सुरू होतो आणि कमी-जास्त लांबीपर्यंत वर जातो.

हा प्रवास दाखवून दिला तो फ्रान्समधल्या निकोल ले दुआरँ यांनी. लाव्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते. त्यांनी लाव्याच्या गर्भातल्या या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवल्या आणि त्या आतड्यात कुठवर पोहोचतात ते पाहिले. 1973 चे हे काम फार देखणे आहे. 1994 मध्ये ‘रेट’ नावाच्या जनुकातले दोष या आजाराशी जोडले गेले. या पेशींना वाढ आणि दिशा देणारा संदेश त्याच जनुकाच्या प्रथिनामार्फत पोहोचतो. गर्भारपणी आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, यावरून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी ऐकावे.

निदानाची पक्की खूण म्हणजे गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासणे. 1969 मध्ये हेलन नोब्लेट यांच्या उपकरणाने तो शोषून, भूल न देता काढता येऊ लागला. 1998 मध्ये मेक्सिकोतल्या सर्जननी पोट न उघडता गुदद्वारातूनच ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली.

पण हे सारे पुढचे. दिवस भरून जन्मलेल्या बहुतेक बाळांना पहिल्या 24 तासांत काळी शी होते, 48 तासांत जवळजवळ सगळ्यांना. न झाली, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तर देठ बाजूला ठेवून बालशल्यचिकित्सकाकडेच जायला हवे. दवाखान्यातले बाळंतपण झाल्यावर आशाताईंची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. त्या भेटीत पहिली शी कधी झाली हे विचारलेच पाहिजे, आणि ऊसतोडीच्या खोपीवर, जिथे बाळंतिणीकडे कोणी फिरकतही नाही, तिथे आधी.

शस्त्रक्रियेनंतर मुले वाढतात, शाळेत जातात. तरी काहींचा बद्धकोष्ठाचा, नकळत शी होण्याचा किंवा आतड्याला सूज येण्याचा त्रास उरतो. म्हणूनच संशोधन पुन्हा पेशींकडे वळले आहे. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी मानवी मूलपेशींपासून आतड्याच्या चेतापेशींची पूर्वरूपे तयार करून हा आजार असलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडली. त्या पेशी तिथे पसरल्या आणि ते उंदीर जगले. मुलांसाठी मात्र आजही उपचार शस्त्रक्रियेचाच आहे.